निरोगी गटातले मेजर

मिस्बाह नदाफ नेमकं काय काम करते, हे पलूसमध्ये तिच्या आईला, रहिमतबींना, कुणाला धड सांगता येत नसे. पाहुण्यांनी विचारलंच तर त्या म्हणत, "मिरजेला पोटाच्या दवाखान्यात हाय," आणि चहा टाकायला उठत. बादशहाभाईंना, तिच्या वडिलांना, मात्र कसला संकोच नव्हता. गादीत कापूस भरता भरता ते गिऱ्हाइकाला खुशाल सांगत, "माजी पोरगी लोकांचा गू गोळा करती. त्यातनं कॅन्सर शोधायचा हाय त्यास्नी." गिऱ्हाईक हसलं की तेही हसत. एक चांगलं स्थळ त्या हसण्यापायीच परत गेलं होतं. मिस्बाहला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. रहिमतबी मात्र आठवडाभर नवऱ्याशी बोलल्या नव्हत्या.

काम खरोखर तेच होतं. मिरजेतल्या एका रुग्णालयात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर अभ्यास चालला होता आणि जीवरसायनशास्त्र शिकलेली मिस्बाह त्यात संशोधन सहायक होती. आपल्याला जे पचत नाही, भाकरीतला कोंडा, भाजीतले धागे, कडधान्याची सालं, ते मोठ्या आतड्यातले जिवाणू खातात. खाऊन ते जी रसायनं सोडतात, त्यातली काही आतड्याच्या अस्तराला पोसतात, काही त्याला डाचतात. ब्युटिरेट हे पोसणारं. पित्तापासून जिवाणू तयार करतात ती काही आम्लं डाचणारी. कॅन्सरच्या रुग्णांत या रसायनांचं प्रमाण बिघडलेलं असतं का, हे बघायचं होतं. त्यासाठी प्रत्येक रुग्णाला त्याच घरातला, तेच अन्न खाणारा आणि तेच पाणी पिणारा एक निरोगी जोडीदार लागायचा. म्हणून मिस्बाह बर्फाची पेटी घेऊन गावोगाव फिरायची. नमुने आणायचे, रुग्णालयातल्या अतिथंड फ्रीजरमध्ये ठेवायचे आणि पुरेसे साठले की शिरवळच्या एका खासगी प्रयोगशाळेतल्या यंत्रावर तपासून आणायचे.

कुंडलच्या लीलाबाई तिच्या रुग्णांपैकी एक, आणि त्यांचे यजमान जोतीराम हे त्यांचे निरोगी जोडीदार. जोतीराम फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. पण आपल्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, तसे तेही मेजर. मुलगा शिवतेज फौजेतच, लांब आसामकडं. घरात दोघंच. लीलाबाईंचं ऑपरेशन व्हायच्या आधीच मिस्बाहनं दोघांचे नमुने घेतले होते. तेव्हा नियमाप्रमाणे तिनं मेजरना, लीलाबाईंच्या देखतच, सगळे प्रश्न विचारले होते. रक्त पडतं का? वजन घटलंय का? पोटाच्या सवयीत फरक? मेजरनी ताठ बसून उत्तरं दिली होती, "न्हाई. न्हाई. काय बी न्हाई."

पुढं लीलाबाईंची गाठ काढली. आतड्याचं तात्पुरतं तोंड पोटावर काढून मलाची पिशवी लावली. मग केमोथेरपी झाली. मेजर बायकोची पिशवी स्वतः बदलत. इतकी स्वच्छ की वॉर्डातल्या सिस्टर दुसऱ्या नातेवाइकांना त्यांच्याकडं शिकायला पाठवत. आता सगळं पार पडलं होतं. दिवाळीनंतर पोटावरचं तोंड बंद करायचं, की लीलाबाई मोकळ्या.

त्याच सुमारास शिरवळहून आकडे आले.

नमुन्यांना नावं नसतात, नुसते सांकेतिक क्रमांक असतात. प्रकल्पाचे प्रमुख डॉ. राजवर्धन यांनी संगणकावर आलेख काढला. एकेका माणसाचा एकेक ठिपका. मग संकेत उघडला, तसे रुग्णांचे ठिपके लाल झाले, निरोगी माणसांचे हिरवे. लाल बरेचसे एकीकडं, हिरवे दुसरीकडं. मधे सरमिसळ होतीच, ती असणारच. पण एक हिरवा ठिपका लालांच्या पार पोटात जाऊन बसला होता. ब्युटिरेट जवळजवळ नाही, पित्ताची आम्लं भलतीच वर.

"हा कोण?" सरांनी विचारलं.

मिस्बाहनं क्रमांक यादीशी ताडून पाहिला. कुंडल. जोतीराम.

पहिला विचार आला तो स्वतःच्या चुकीचा. नवरा-बायकोच्या डब्या एकाच दिवशी, एकाच घरातून घेतलेल्या. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल तर? तसं असेल तर तिनं आणलेल्या बाकीच्या नमुन्यांवर तरी कुणी कसा विश्वास ठेवायचा? तिनं घाईघाईनं लीलाबाईंचा ठिपका शोधला. तोही लालांतच होता. अदलाबदल झाली असती तर दोघांतलं एक तरी हिरव्यांत सापडायला हवं होतं. इथं दोघंही तिकडंच होते. चूक आपली नाही हे कळून तिला हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली.

"सर, मेजरना काहीतरी झालंय."

"असं म्हणू नकोस," राजवर्धन सर म्हणाले. "त्या दिवसांत त्यांनी अँटिबायोटिक घेतलं असेल तरी ब्युटिरेट खाली जातं. हा आकडा म्हणजे निदान नव्हे. आपण अजून शोधतोय, सिद्ध काही झालेलं नाही. असल्या आकड्यावरून कुणाला घाबरवायचा आपल्याला हक्क नाही."

"म्हणजे सांगायचंच नाही?"

"अभ्यासातलं नाही सांगायचं. पुन्हा नमुना घे, प्रश्न पुन्हा विचार. आणि शौचातल्या न दिसणाऱ्या रक्ताची साधी तपासणी या वयाच्या माणसांनी करून घेतलेली चांगली, हे डॉक्टर म्हणून मी कुणालाही सांगू शकतो. निरोगी गटातल्या सगळ्यांनाच सांगू. तूही तेवढंच सांग."

तिचा जीव नमुन्याच्या तारखेत अडकला होता. डबी घेतली तेव्हा उसाला तुरे आले होते. आता नवा ऊस पुरुषभर वर गेला होता. इतके महिने मेजरांच्या पोटातली ती गोष्ट, काय असेल ती, फ्रीजरमध्ये थिजून पडली होती. पोटात मात्र ती थिजलेली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी ती कुंडलला गेली. मेजर अंगणात दाव्याला गाठ मारत होते. त्यांच्या पट्ट्याकडं तिची नजर गेली. कंपनीच्या भोकांच्या पुढं खिळ्यानं पाडलेलं एक नवं भोक होतं, आणि तरीही पँट कमरेवर ढिली.

"पुन्ना कशाला?" मेजर म्हणाले. "यवडं आवडलं व्हय तुमास्नी आमचं?"

आतून लीलाबाईंच्या हसण्याचा आवाज आला. मिस्बाहनं प्रश्न विचारले. मागच्या वेळेसारखीच उत्तरं आली. अँटिबायोटिक? न्हाई. नमुन्याची डबी त्यांनी मुकाट्यानं घेतली. पण न दिसणाऱ्या रक्ताच्या तपासणीचं छोटं पाकीट पुढं करताच हात मागं घेतला. "त्ये नगं."

"मामा, साधी तपासणी हाय. सगळ्यांनाच सांगतोय आमी."

"नगं म्हनलं न्हवं!" आवाज चढला तसं आतलं हसू थांबलं. मेजर उठले. "चल, तुला रस्त्यापत्तोर सोडतो."

उसाच्या कडेनं दोघं चालू लागली. घर दिसेनासं झाल्यावर ते थांबले.

"तुमच्या त्या मशिनीत दिसलंय काय तरी. व्हय का न्हाई?"

"मशिनीतलं मला सांगता येत न्हाई, मामा. आणि त्यातनं रोग कळतो, असं बी न्हाई."

"मग मी सांगतो." त्यांनी उसाचं एक पान ओढून मोडलं. "रगत पडतंय. लीला आजारी पडायच्या आदीपास्नं. कवा पडतं, कवा न्हाई. मूळव्याद आसंल म्हनलं. मग हिचंच निगालं. तवा मी बी म्हनायचं का, की मला बी होतंय? दोगं बी खाटेवर पडल्यावर बगायचं कुनी?"

"मामा, तुमाला कळतंय ना हे काय असू शकतं? मामींचं काय झालं ते तुमी डोळ्यांनी बघितलंय."

"बगितलंय म्हनूनच बोलतोय. तिचं पोट शिवूंदे. ती एकदा उटून हिंडाय लागली की मी आपल्या पायानं मिरजंला येतो. तवर तिला कळता कामा न्हाई. कळलं तर ती पोट शिवून घ्यायची न्हाई, मला ठावं हाय. तू शपत घे."

"शपथ मी घेणार न्हाई."

"पोरी..."

"पण माझ्या तोंडातनं मामींना एक शब्द कळायचा न्हाई. तुमचं दुखणं सांगायचा हक्क मला न्हाईच. तो तुमचा हाय. तुमी सांगा. न्हाई सांगितलं तर मी पुन्हा येईन, पुन्हा हेच म्हणेन."

"डोस्कं खायाला?"

"व्हय. डोस्कं खायाला."

परत येताना एसटीत तिला एकाच गोष्टीचा विचार पडला होता. बोलावं तर माणसानं टाकलेला विश्वास मोडतो, न बोलावं तर माणूसच जातो. तिनं सरांना सांगितलं. सरांनी मेजरना स्वतः दोनदा फोन केला. मेजरनी एकदा "हां जी, हां जी" करून ठेवून दिला आणि मग उचललाच नाही. पुन्हा घेतलेल्या नमुन्याचे आकडेही आले. पहिल्यासारखेच.

ती पुन्हा कुंडलला गेली तेव्हा मेजर पाण्याची पाळी धरायला शेतावर होते. लीलाबाईंनी तिला चुलीपाशी बसवलं, चहा दिला, आणि ती कप तोंडाला लावते न लावते तोच विचारलं,

"आमच्या मालकास्नी काय झालंय?"

मिस्बाहनं कप खाली ठेवला.

"मी आजारी पडले तवापास्नं त्ये माजी कापडं धुत्यात. सोताची बी धुत्यात. म्या म्हनलं, मायेनं करत्यात. आता मला बरं हाय. परवा म्या बादलीला हात लावला तर हिसकून घेतली, माज्या हातातनं. आसं त्येनी जलमात केलं न्हवतं." लीलाबाई तिच्याकडं रोखून बघत होत्या. "तू हितं सारकी येतीस. माजं सांपल तर तुला आता नगं हाय. मग कुनासाटी येतीस, बाय?"

नुसतं "काही नाही, मामी" म्हणायचं होतं. एवढं खोटं जगात कुणीही बोलतं. पण या बाईच्या पोटाला चिकटलेल्या पिशवीकडं बघून ते खोटं मिस्बाहला बोलवेना. खरंही बोलायची मुभा नव्हती. ती खाली मान घालून बसली. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी दोघींतली कुणी उठली नाही.

"बरं," लीलाबाई शेवटी म्हणाल्या.

मेजर आले ते दारातूनच ओरडले. मिस्बाहला बघूनच त्यांना सगळं समजलं. "सांगितलंस न्हवं? जबान दिली हुतीस तू मला!"

"मी एक शब्द बोललेली न्हाई, मामा."

"ती बोलली न्हाई, म्हनूनच कळलं मला," लीलाबाई म्हणाल्या. "खोटं बोलली आसती तर फसले आसते."

मेजरांचं तोंड लालबुंद झालं. त्यांनी मिस्बाहकडं बोट केलं. "माजं नाव काडा तुमच्या त्या अभ्यासातनं. जे काय न्हेलंय त्ये फेकून द्या. पुन्ना ह्या दारात पाय ठिवायचा न्हाई."

"आवं, तिच्यावर कशाला वरडताय?" लीलाबाईंचा आवाज जराही चढलेला नव्हता. "माजं ऐका. तुमी तपासनी करून घेत न्हाई, तवर मी माजं पोट शिवून घेत न्हाई. ही पिशवी घिऊन मरंन."

"लीला, येड्यावानी करू नगं."

"तुमास्नी येड्यावानी करून चालतंय?"

मिस्बाह उठली आणि निघाली.

अभ्यासातून बाहेर पडायचा हक्क प्रत्येकाला असतो, आणि तो रागानं वापरला तरी हक्कच असतो. मेजरांचा लेखी निरोप आला. मिस्बाहनं त्यांच्या सगळ्या कुप्या फ्रीजरमधून काढल्या, नियमाप्रमाणे नष्ट केल्या, आकडे पुसले. आलेखावरचा तो हिरवा ठिपका गेला. आलेख आता फार देखणा दिसत होता. तिला त्याच्याकडं बघवेना.

दिवाळी झाली. लीलाबाईंच्या ऑपरेशनचा दिवस उजाडला. मिस्बाह सकाळपासून सर्जरीच्या वॉर्डात चकरा मारत होती. खाट रिकामी होती. दुपारी सिस्टरनं ती दुसऱ्या पेशंटला दिली. मिस्बाह जिन्यात जाऊन बसली. एका माणसाचा उपचार सुरू करायला ती गेली होती, आणि आता दोघांचाही थांबला होता. मी खोटं बोलायला हवं होतं का, असं तिनं घरी आईला विचारलं. रहिमतबींना सगळा प्रकार नीट कळला नव्हता. त्या म्हणाल्या, "दुवा कर. तेरे हाथ में अब वही है." मिस्बाहनं दुवा केली, पण दुसऱ्या दिवशी सरांना पुन्हा फोनही करायला लावला. सरांनी या वेळी आसामला, शिवतेजला लावला आणि वडिलांविषयी चकार शब्द न काढता एवढंच म्हणाले, "तुमच्या आई ठरलेल्या ऑपरेशनला आल्या नाहीत. का, ते त्यांना विचारा."

शिवतेजनं घरी काय विचारलं आणि काय ऐकलं, ते मिस्बाहला कधी कळलं नाही. पण त्या आठवड्यातच, बाह्यरुग्ण विभाग उघडायच्या आधी, नवरा-बायको दारात उभी होती. मेजरनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, पदकं तेवढी लावायची राहिली होती. मिस्बाहकडं त्यांनी पाहिलं नाही.

दुर्बिणीच्या तपासणीला त्यांना आत नेलं, तेव्हा लीलाबाई बाहेरच्या बाकावर बसल्या. मिस्बाहला त्यांनी शेजारी ओढून बसवलं. आतून स्ट्रेचर आलं, गेलं. एकदा दार उघडलं तेव्हा लीलाबाईंनी मिस्बाहचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचली.

गाठ होती. मोठ्या आतड्याच्या खालच्या वळणावर, बरीचशी वाट अडवून बसलेली. डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला. पण त्यांच्या चेहऱ्यावरून उत्तर आधीच कळत होतं. मग सीटीस्कॅन झाला आणि त्यात यकृतावर एक डाग दिसला. तो काय आहे ते कळेपर्यंतचे दिवस सगळ्यांत वाईट गेले. यकृतापर्यंत पोचलं असेल तर सगळं गणितच बदलतं, हे मिस्बाहला कळत होतं, लीलाबाईंनाही कळत होतं, कारण मागच्या साली त्यांनी हेच दिवस स्वतःसाठी काढले होते. मेजर खिडकीकडं तोंड करून बसत. एकदा त्यांनी बायकोला म्हटलेलं मिस्बाहनं ऐकलं, "मी लबाडी केली, लीला. तुला फशिवलं." लीलाबाई म्हणाल्या, "ते मागनं बगू. आदी भात खावा."

पुढच्या तपासणीत निघालं की यकृतावरचा डाग म्हणजे नुसती पाण्याची गाठ. जन्मापासूनची असेल कदाचित, तिचा यात काही संबंध नव्हता. आतड्यातली गाठ मात्र कॅन्सरचीच होती. ती अजून आतड्याच्या भिंतीतच होती, बाहेर गेलेली नव्हती. ऑपरेशन झालं. मेजरना पिशवी लागली नाही. आजूबाजूच्या ग्रंथींत काही सापडलं नाही, म्हणून केमोथेरपीही टळली. पोटावर पिशवी असलेल्या लीलाबाई त्यांच्या उशाशी बसून राहिल्या आणि वॉर्डातल्या प्रत्येकाला सांगत राहिल्या की ह्यो मानूस लय हट्टी हाय.

राजवर्धन सरांना मिस्बाहनं एकदा विचारलंच. "सर, आकड्यांनी सांगितलं होतं ना?"

सर म्हणाले, "एका माणसावरून मी हो म्हणणार नाही. ज्याला कॅन्सर होता, त्याचा नमुना कॅन्सरच्या रुग्णांसारखा होता. त्याच्या आतड्यातला तो बिघाड रोगाच्या आधीचा की नंतरचा, ते आपल्याला कळलेलं नाही. आणि तो नमुना आता आपल्याकडं नाहीही."

तिला हे उत्तर आवडलं नाही. पण खोटं म्हणता येण्यासारखंही ते नव्हतं. निरोगी जोडीदार गेल्यामुळे तुलनेच्या कामाला लीलाबाईंचा नमुनाही उरला नाही. एवढी धावपळ करून कुंडलच्या त्या घराचं अभ्यासात काहीच राहिलं नाही. मिस्बाहनं फक्त एक गोष्ट बदलून घेतली. निरोगी माणसाला प्रश्न विचारायचे ते आता घरच्या माणसांसमोर विचारायचे नाहीत, एकट्याला बाजूला घेऊन विचारायचे. ते सरांनी सगळ्या प्रकल्पाला लागू केलं.

उन्हाळ्यात लीलाबाईंचं पोट शिवायचा दिवस पुन्हा ठरला. त्या आत गेल्या आणि मेजर बाहेर बाकावर बसले. मिस्बाह चहा घेऊन आली. इतक्या महिन्यांत ते तिच्याशी कामापुरतंच बोलले होते. आज त्यांनी सरकून जागा केली.

"त्या दिवशी लय बोललो तुला."

"बोलला. माझं कायबी बिघडलं न्हाई."

"पुन्ना घेता का मग माजं सांपल? आता काय लपवत न्हाई."

"आता तुमी निरोगी गटात बसत न्हाई, मामा. आणि ऑपरेशन झाल्यामुळं आजाऱ्यांच्या गटात बी न्हाई."

"म्हंजी कुटंच न्हाई?"

"कुठंच न्हाई."

मेजर पहिल्यांदा मोठ्यानं हसले, टाक्यांच्या जागी हात धरून. मग दाराकडं बघत त्यांनी चहा तसाच निवू दिला. मिस्बाहही उठली नाही, खाली तिच्या नावानं दोनदा फोन येऊन गेला तरी.

दार उघडलं. सिस्टरनं विचारलं, "लीलाबाईंचं कोण?"

"मी," म्हणत मेजर बाकाला हात टेकून उठायला लागले. मिस्बाहनं त्यांचा दंड धरला.

"सगळं नीट झालं," सिस्टर म्हणाली. "शुद्धीवर येतायत. पाणी मागतायत, पण अजून द्यायचं नाही बरं का."

"न्हाई दित," मेजर म्हणाले, आणि मिस्बाहच्या हाताच्या आधारानं आत गेले.